टॉर रिलेवर लक्ष ठेवायचं, पण कशावर?

संपादक महोदय,

सायबर गुन्ह्याची बातमी आली की शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं, टॉर चालवणाऱ्यांनी ट्रॅफिकवर लक्ष ठेवायला हवं. टॉर म्हणजे इंटरनेटवर कोण कुठे जातंय ते लपवणारं जाळं, आणि त्यातलं ट्रॅफिक पुढे पाठवणारा सर्व्हर म्हणजे रिले. मी काही वर्षं असा रिले चालवतोय, म्हणून राहवलं नाही. लक्ष आम्ही ठेवतोच हो, पण कशावर ते कुणी विचारत नाही.

टॉरमध्ये ट्रॅफिक तीन रिलेंमधून जातं. पहिल्या रिलेला युजरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) दिसतो पण तो कुठे चाललाय ते कळत नाही, शेवटच्याला, म्हणजे एक्झिटला, साइट दिसते पण माणूस दिसत नाही, मधल्याला यातलं काहीच नाही. तिघांनीही लॉग (कोण कधी आलं-गेलं याच्या नोंदी) ठेवले आणि ते एकाच्या हाती पडले की वेळा जुळवून सगळं उघडं! त्यामुळे 'माझ्या एकट्याच्या लॉगनं काय होतंय' हे मला पटत नाही.

आणि मला बघायचं तरी काय असतं, सर्व्हर दमलाय का, महिन्याचा डेटा संपत आलाय का, एवढंच. त्यासाठी टॉर स्वतःच दर ६ तासांनी लॉगमध्ये ओळ टाकतो, इतका वेळ चालू, इतके जीबी आले, इतके गेले. कुठे युजरचा पत्ता यायचाच असेल तर त्याजागी 'स्क्रब्ड' छापतो, ही सेटिंग मुळातच चालू असते, कृपा करून कुणी बंद करू नका. जगाला दिसणारे बँडविड्थचे आकडेही २४ तासांचे ठोक असतात. (मी एकदा हौसेनं मिनिटामिनिटाचा ग्राफ साइटवर लावला होता, वेळा जुळवणाऱ्याला आयतीच मदत, कळल्यावर गुपचूप काढला.) कुणी कनेक्शनचा मारा केला तर? त्याचीही सोय २०१८ पासून टॉरमध्येच आहे, एका आयपीवरून किती कनेक्शन येतात ते मोजून जास्तीची अडवतो, त्यासाठी मला आयपींची यादी साठवावी लागत नाही.

आत डोकावलं की काय होतं ते २००७ ला दिसलं, एका स्वीडिश सिक्युरिटीवाल्यानं स्वतःच्या एक्झिटवरून जाणारं एन्क्रिप्ट न केलेलं ट्रॅफिक वाचलं आणि वकिलातींच्या ईमेलचे पासवर्ड त्याच्या हाती लागले.

मध्यंतरी माझ्या होस्टिंगवाल्याकडे तक्रार आली, तुमच्या आयपीवरून कुणीतरी लॉगिन फोडायचा प्रयत्न केला, लॉग द्या. मी कळवलं, लॉग नाहीत, पण त्या तारखेला हा आयपी टॉर रिले होता हे टॉरच्याच एक्झॉनरेटर या साइटवर तपासता येतं, ही लिंक, आणि तक्रारदाराचा आयपी मी एक्झिट पॉलिसीत (माझ्या रिलेवरून कुठे जाता येईल याच्या नियमांत) ब्लॉक केलाय. त्यांनी तिसऱ्या दिवशी परत तेच विचारलं, लॉग कधी देताय?

आपला,
एक रिलेवाला वाचक