तटाचा दगड हलवण्याआधी त्याची नोंद करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुलै 2025 मध्ये महाराष्ट्रातले 11 आणि तमिळनाडूतला जिंजी असे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, सगळ्यांनी स्टेटस ठेवले, छान झालं. आता तटबंदीच्या दुरुस्तीला जोर येईल अशी आशा आहे आणि म्हणूनच हे पत्र लिहितोय.

तटाच्या दगडाला हात लावायच्या आधी, काम चालू असताना आणि झाल्यावर त्याची नीट नोंद झाली पाहिजे. नोंद म्हणजे बिलाला जोडायला काढलेले चार फोटो नव्हेत हो. मोजपट्टी लावून अगदी समोरून काढलेले फोटो, त्यावरून दगडन् दगड दाखवणारं ड्रॉइंग, कुठला दगड टाकीने घडवलेला, कुठला ओबडधोबड, दरजेत, म्हणजे दोन दगडांमधल्या फटीत, चुना आहे की कोरडी रचाई, कुठली जंगी (मारा करायला तटात ठेवलेलं भोक) मागाहून बुजवलीय, कुठे वीरगळ नाहीतर देवळाचा दगड बसवलाय, हे सगळं.

पन्हाळाच घ्या. शिलाहार राजा दुसरा भोज, म्हणजे बाराव्या शतकाचा शेवट, मग बहमनी, आदिलशाही, शिवाजी महाराज, आणि 1844 च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे गडावरच्या शिबंदीच्या, बंडानंतर तर इंग्रजांनी ‘चार दरवाजा’ नावाचा अख्खा दरवाजाच पाडला. इतक्या जणांनी बांधलं, पाडलं, डागडुजी केली, त्यातलं बरंचसं कुठल्याच कागदात नाही, असलं तर तटातच आहे. जुन्या तटात कधीकधी एक उभा सांधा वरून खालपर्यंत सलग गेलेला दिसतो, दोन्हीकडचे थर जुळत नाहीत. गवंड्याला ते कच्चं काम वाटतं, तो चांगल्या मनाने सांधेमोड करून (वरखालचे सांधे एका रेषेत येऊ न देता) पक्कं बसवतो, पण बऱ्याचदा तिथेच एक बांधकाम संपून दुसरं सुरू झालेलं असतं आणि तो पुरावा एका दुपारीत गेला!

ढासळलेल्या तटाचं तर आणखी वेगळं. बाहेरचे घडीव दगड पडले की आतला गाभा उघडा पडतो, दगडगोटे, चुना, कधी विटांचे तुकडे, कधी आत आणखी एक जुनी भिंत. हे बघायला एरवी मिळत नाही आणि पुन्हा दर्शनी दगड चढले की परत दिसणारही नाही. चुन्याचा नमुना घ्यायचा तर तेव्हाच.

आमच्याकडच्या एका छोट्या किल्ल्यावर काय झालं ते सांगतो. पावसात बुरूज ढासळला, नंतर काम निघालं, जेसीबीने सगळे दगड एका ढिगात लोटले. त्यात एका दगडावर कमळ कोरलेलं स्पष्ट दिसत होतं. आज बुरूज नवाकोरा उभा आहे, दरजा सिमेंटने भरल्यात (त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल), पण तो कमळाचा दगड आत बसला की त्याची खडी झाली, कुणालाच सांगता येत नाही.

आणि ही काही माझी हौस नाही. जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं सांगणाऱ्या 1964 च्या व्हेनिस चार्टरचं 16 वं कलम हेच सांगतं, कामाच्या प्रत्येक टप्प्याची ड्रॉइंग आणि फोटोंसह नोंद ठेवा, ती सार्वजनिक संस्थेत ठेवा, अभ्यासकांना बघू द्या, जमलं तर छापा. आता तर एकमेकांवर चढणारे फोटो काढून फोटोग्रामेट्रीने तटाचं थ्रीडी मॉडेल साध्या कॅमेऱ्यावरही होतं, त्यामुळे खर्चाचं कारण कुणी सांगू नये. फक्त ते फोटो वाचणारा जाणकार माणूस मात्र परांचीवर गवंड्याच्या शेजारी हवा, ऑफिसात बसून हे होत नाही.

गडावर श्रमदान करणाऱ्या पोरांबद्दल आदरच आहे, पण त्यांनीही पडलेले दगड हौसेने रचून ठेवण्याआधी निदान ते कुठे नि कसे पडलेत याचे फोटो काढावेत.

मागणी साधी आहे. तटदुरुस्तीच्या प्रत्येक टेंडरमध्ये नोंदणीच्या कामाची वेगळी रक्कम धरा, ती नोंद जमा झाल्याशिवाय शेवटचं बिल काढू नका आणि तिची पीडीएफ कुणालाही बघता येईल अशी वेबसाइटवर टाका.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर