वळणानंतर ब्रेक खोल जातो? आधी बेअरिंग बघा

संपादक महोदय,

गणपतीला कोकणात निघण्याआधी ब्रेक तपासून घ्या, असे सल्ले दरवर्षी छापून येतात. त्यांत एक तक्रार हमखास सुटते. सरळ रस्त्यावर ब्रेक चोख लागतो, पण घाटातलं वळण संपवून पाय ठेवला की पेडल खोल जातं; लगेच दुसऱ्यांदा दाबलं की पुन्हा जागेवर. गॅरेजात 'ब्रेक खाली जातो' एवढंच सांगितलं, तर ब्रेक ऑइलमधली हवा काढून, फार तर पॅड बदलून गाडी परत मिळते. दोष तसाच राहतो, कारण तो बहुधा चाकाच्या बेअरिंगमध्ये असतो.

वळणावर भार बाहेरच्या चाकांवर येतो. बेअरिंग झिजलं असेल तर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) कलतो, त्याच्याबरोबर ब्रेकची डिस्क कलते आणि पॅडसकट, पॅड दाबणाऱ्या पिस्टनला आत ढकलते. पुढच्या वेळी पेडलचा पहिला टप्पा ती फट भरण्यातच खर्च होतो. पिस्टन 54 मिलिमीटरचा आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) 20 मिलिमीटरचा आणि पेडलची तरफ चौपट धरली, तर पिस्टन अर्धा मिलिमीटर मागे सरकला तरी पेडल दीडेक सेंटिमीटर जास्त खाली जातं. कॅलिपरच्या (पिस्टन आणि पॅड धरणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना मोकळ्या असतील तर यातलं थोडं पचतं; पिना गंजल्या असतील तर सगळा धक्का पिस्टनवरच.

हवा शिरली असेल तर पेडल सरळ रस्त्यावरही स्पंजासारखं लागतं. लांब उतारानंतर हळूहळू मऊ पडत असेल तर जुनं, पाणी शोषलेलं ऑइल उकळतंय. वळणावर फक्त ब्रेकचा लाल दिवा लुकलुकत असेल तर टाकीतलं ऑइल कमी आहे. नुसतं भरू नका, पॅड किती उरलेत आणि कुठे गळतंय का ते बघा. आणि पेडल खोल न जाता थरथरत असेल तर ती एबीएसची (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) हालचाल. कोरड्या रस्त्यावर हळू ब्रेक लावतानाही होत असेल, तर चाकाचा वेग मोजणारा सेन्सर तपासावा. त्याचं मूळही कधीकधी बेअरिंगमध्येच सापडतं.

तपासणी दहा मिनिटांची आहे. गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर विसंबू नका. चाक वर-खाली धरून हलवा. खुळखुळ जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खुळखुळ थांबली तर बेअरिंग. तरीही राहिली तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शन. चालत्या गाडीत घरघर डावीकडे वळताना वाढत असेल तर संशय उजव्या चाकावर घ्यावा. चाक घट्ट निघालं तर डिस्कवर डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारं उपकरण) लावून डगमग मोजायला सांगा. बऱ्याच गाड्यांत मर्यादा 0.05 ते 0.1 मिलिमीटर असते, आणि कधी हब व डिस्क यांमधला गंज खरवडल्यावरच डगमग कमी होते.

सीलबंद बेअरिंग आवळून सुधारत नाही, बदलावंच लागतं. हबचा नट नवा घ्या आणि तो कंपनीने दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर), टॉर्क पान्यानेच आवळून घ्या. हवेच्या गनने अंदाजे आवळला तर नवं बेअरिंगही लवकर जातं.

– एक वाहन तंत्रज्ञ, कराड