सॉफ्टबॉलचे बदललेले नियम मुलींपर्यंत पोहोचवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शालेय स्पर्धांचा हंगाम तोंडावर आला आहे, म्हणून हे पत्र. मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे आणि आजही सॉफ्टबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो.

गेल्या हंगामात मुलींच्या एका सामन्यात तिसऱ्या बेसवरची (थांब्यावरची) रनर, म्हणजे धावणारी मुलगी, धाव पूर्ण करायला होमकडे (फलंदाजीच्या जागेकडे) सुसाट निघाली. होमवर चेंडू झेलणारी कॅचर गुडघा टेकून, डावा पाय आडवा टाकून बसलेली. चेंडू अजून हवेत. मुलगी बिचकली, वळसा घालून घसरली आणि टॅग झाली (चेंडू धरलेल्या हातमोज्याचा तिला स्पर्श झाला). मी आधीच खूण म्हणून डाव्या हाताची मूठ आडवी धरली होती. ऑब्स्ट्रक्शन (वाट अडवणे) देऊन धाव बहाल केली. त्यावर मार्गदर्शक धावत आले, "सर, बॉल येतच होता की!"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. जुन्या नियमात चेंडू झेलण्याच्या बेतात असलेल्या खेळाडूला वाटेत उभे राहता येई. आता चेंडू हातात नसेल, किंवा ती फटकावलेला चेंडू अडवत नसेल, तर रनरची वाट अडवता येत नाही. ती कॅचर शिकवले तसेच खेळली, आणि धाव गेली.

हा बदल मला मनापासून पटतो. चेंडू किती जवळ आला म्हणजे 'येतच होता' म्हणायचे, हे पूर्वी ज्याचा तो पंच ठरवी आणि हुज्जत तिथेच सुरू होई. आता हातमोज्यात चेंडू आहे की नाही, एवढेच पाहायचे. शिवाय कॅचरच्या शिनगार्डवर (नडगीच्या कवचावर) आदळून मुलींचे गुडघे फुटतात, ते वेगळेच. पहिल्या बेसवरचा पांढरा-नारिंगी दुहेरी बेसही अशाच धडका टाळण्यासाठी आला. पांढरा भाग क्षेत्ररक्षकाचा, नारिंगी धावणारीचा. कित्येक मैदानांवर तो अजून दिसत नाही, याचे वाईट वाटते.

रनरने बेस कधी सोडायचा, हा दुसरा कळीचा मुद्दा. चेंडू पिचरच्या (चेंडू टाकणारीच्या) हातातून सुटण्याआधी पाय उचलला की ती बाद. क्रिकेट खेळून आलेल्या मुलींना आधीच पुढे सरकायची सवय असते. शालेय सामन्याला पंच बहुधा दोनच. बेसवरच्या पंचाने पिचरचे मनगट आणि रनरची टाच एकाच क्षणी पाहायची. पहिल्या आणि तिसऱ्या, दोन्ही बेसवर रनर असल्या तर ते एका माणसाच्या डोळ्यांना झेपत नाही. मग ज्या मुलीला बाद दिले ती रडते आणि जिच्याकडे लक्ष गेले नाही ती सुटते.

माझी आयोजकांना कळकळीची विनंती आहे. जिल्हा स्पर्धेआधी बदललेल्या नियमांचे एक पान मराठीत प्रत्येक संघाला द्यावे. पंच आणि मार्गदर्शक यांचे एकत्र शिबिर घ्यावे. सभागृहात नको, मैदानावर, कॅचर आणि रनर प्रत्यक्ष उभ्या करून. उपांत्य फेरीपासून तरी तिसरा पंच द्यावा. आणि मार्गदर्शकांनो, उद्याच्या सरावात आपल्या कॅचरला होमच्या प्लेटच्या पुढे उभे राहून, वाट मोकळी ठेवून थ्रो घ्यायला शिकवा.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, जळगाव