उत्क्रांतीच्या तासाला दशावतार नको

प्रति,
संपादक,

महोदय,

केंद्राची शालेय पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्या एनसीईआरटीने २०२३ मध्ये दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून निषेध नोंदवला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे, याचं मला समाधान वाटतं. पण धडा पुस्तकात असला म्हणजे वर्गात शिकवला जातोच असं नाही. सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवल्यावर हे लिहिते आहे.

हा धडा आला की आम्ही शिक्षक दशावतार काढतो. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. ‘बघा, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं!’ वर्ग खूश, पालकांची तक्रार नाही. मीही अनेक वर्षं हेच केलं आणि ते चुकलं. दशावतार हा श्रद्धेचा विषय. त्याला जीवशास्त्राचा दाखला कशाला हवा? शिवाय मुलांच्या डोक्यात शिडी बसते: मासा, कासव, डुक्कर, सगळ्यात वर माणूस. उत्क्रांती म्हणजे फांद्या फुटत गेलेलं झाड. आणि ज्यांच्या घरी दशावतार नाहीत, ती मुलं त्या तासाला गप्प बसून राहतात.

‘माकडाचा माणूस झाला, तर आताची माकडं का बदलत नाहीत?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. मी विचारायचे, ‘तू चुलतभावाच्या पोटी जन्मलास का? नाही ना, दोघांचे आजोबा एक.’ मग माकडहाड कुठे असतं ते पाठीला हात लावून बघायला सांगायचे. एकदा मागच्या बाकावरच्या मुलाने कान हलवून दाखवले. अवशेषांगं, म्हणजे पूर्वजांकडून आलेले पण आता फारसे कामाचे न उरलेले अवयव, त्या दिवशी सगळ्यांना कळली.

एका मुलीने विचारलं होतं, ‘बाई, मग देवाने माणूस घडवला हे खोटं?’ वर्ग एकदम शांत झाला. मी म्हटलं, ‘शरीर कसं बदलत आलं, एवढंच हा धडा सांगतो. देव आहे की नाही, हा या तासाचा प्रश्न नाही. घरी काय मानायचं ते तुझं तू ठरव. पुरावे मात्र नीट वाच.’ अशा मुलीला हसणारे शिक्षकही मी पाहिले आहेत. ती मुलं पुन्हा तोंड उघडत नाहीत.

शिक्षक प्रशिक्षणात या धड्यासाठी निदान एक सत्र अशा प्रश्नांवर ठेवावं, ही विनंती. नव्या शिक्षकांना आशय येतो. या प्रश्नापाशी मात्र ते एकटे पडतात.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा