बलू घडवणाऱ्यांना, सोलापूरच्या एका पाटीवाल्याकडून

फॉन्ट घडवणाऱ्या 'एक टाइप'च्या मंडळींस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. तुमचा 'बलू' फॉन्ट मात्र माझ्या दुकानात रोज राबतो, म्हणून हे जाहीर आभार.

मी सोलापुरात फ्लेक्स आणि दुकानांच्या पाट्या करतो. आधी ब्रशनं रंगवायचो. जाड अक्षर काढताना हात आपसूक सांभाळून घ्यायचा: 'ष्ट्र' आला की आतली रेघ बारीक, उकार आला की खाली जागा. कॉम्प्युटर आला आणि ते सगळं गेलं. साधा फॉन्ट ओढूनताणून जाड केला की 'ध'ची गाठ बुजायची, रस्त्यापलीकडून 'महाराष्ट्र' वाचायला गेलं तर शेवटी नुसता काळा गोळा. बलू चांगला अंगानं भरलेला, तरी त्याच्या अक्षरांची पोटं मोकळी आहेत. टोकं गोल, वळणं गुबगुबीत, बोरूच्या अक्षरातला जाड-बारीक फरक जवळपास नाहीच. एवढं करूनही अक्षर परकं वाटत नाही. देवनागरी सारंग कुलकर्णींनी घडवली, त्यांना वेगळा नमस्कार. रेडियम कापून चिकटवणाऱ्या पोरांचाही निरोप आहे: टोकदार कोपरा उन्हात आधी सुटतो, गोल टिकतो.

पण माझ्यावरचं खरं ऋण निराळं आहे. आमच्या गावात मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूही घराघरांत बोलतात. गिऱ्हाईक म्हणतं, मराठी वर, खाली कन्नड. पूर्वी कन्नडसाठी हाताला लागेल तो फॉन्ट घ्यायचो. मराठी धष्टपुष्ट, कन्नड काडीपैलवान, एकाच पाटीवर दोन दुकानं. आता कन्नडला 'बलू तम्मा', तेलुगूला 'बलू तम्मुडु'. दिव्या कौशिक, शुचिता ग्रोव्हर, मैथिली शिंगरे, ओंकार शेंडे यांनी लिपीचं वळण त्या त्या लिपीचंच ठेवलंय, देवनागरीचे कपडे चढवले नाहीत. जाडी मात्र सगळ्या भावंडांची एक. महाराष्ट्राच्या दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानांनाही मराठी पाटी लागते आणि तिची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. वर-खाली मात्रा असल्यानं तेवढ्याच उंचीत देवनागरी बारकी दिसते. बलूमधली इंग्रजी अक्षरंही त्याच घराण्यातली, त्यामुळे हा मेळ बसवताना आता घाम फुटत नाही.

आणि हे सगळं फुकट, धंद्यासाठी वापरायलासुद्धा! चोरून आणलेल्या फॉन्टांवर चालणाऱ्या आमच्या बाजारात याची किंमत मला विचारा.

तक्रार गिऱ्हाइकांची आहे, तुमची नाही. बालवाडी, आइस्क्रीम, रसवंती, खेळणी, वाढदिवस, इथं बलू शोभतो. पण एकानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' बलूत मागितली. अहो, गेलेला माणूस गालात हसतोय असं वाटेल! नाहीच केली. वकिलाच्या पाटीलाही मी तो देत नाही. लग्नपत्रिकेतला बारीक मजकूरही त्यात लावू नये. त्याच्या नव्या आवृत्तीत, 'बलू 2' मध्ये, रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच जाड्या आल्या असल्या तरी त्याचा जीव मोठ्या अक्षरातच आहे, असं माझं मत.

कधी सोलापूरला आलात तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्याकडे. येताना नवं काही घडवत असाल तर त्याचा 'ष्ट्र' दाखवायला आणा.

आपला,
एक पाटीवाला