कलमी अडेनियमच्या नावाखाली बियांचं कुजलेलं रोप, आणि वर 'पाणी तुम्हीच जास्त घातलंत'

दिनांक : 15 जुलै

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी आणि व्यवस्थापक,
ऑनलाइन रोपविक्री विभाग

विषय : 11 जूनच्या ऑर्डरमधली अडेनियमची दोन रोपं, त्यांचे पैसे, आणि तक्रारीवर मारलेला 'ग्राहकाची चूक' हा शेरा.

महोदय,

काल संध्याकाळी तुमच्या कस्टमर केअरशी सहाव्यांदा बोललो. तक्रार बंद केल्याचं सांगण्यात आलं. कारण विचारलं, तर नोंद वाचून दाखवली : 'ग्राहकाने जास्त पाणी दिले.' त्या एका ओळीमुळे हे पत्र लिहितो आहे. पैशांचं पुढे येईलच.

मी अडेनियमची, म्हणजे जाड बुंध्याच्या त्या 'डेझर्ट रोज' फुलझाडाची, दोन रोपं मागवली होती. एक काळपट लाल, तिहेरी पाकळ्यांचं आणि दुसरं पिवळं. वर्णनात तुम्ही लिहिलं होतं, 'कलमी, दोन वर्षांचं, फुलावर आलेलं'. दोन्हींचे मिळून 1,798 रुपये आगाऊ भरले. आठ दिवसांत पोचतील म्हणालात. रोपं तुमच्याकडून निघाली 23 जूनला आणि साताऱ्याला माझ्या दारात आली 2 जुलैला. म्हणजे भर पावसाळ्यात नऊ दिवस खोक्यात.

खोकं उघडलं ते मी आणि माझ्या सुनेने, वऱ्हांड्यात. आधी वास आला. कुंडीच्या तोंडाला प्लास्टिक गुंडाळून वरून चिकटपट्टी मारलेली, आत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, गच्च ओलं. मुठीत दाबलं तर बोटांमधून पाणी गळलं. लाल म्हणून पाठवलेल्या रोपाच्या बुंध्यावर अंगठा ठेवला, तो पिकल्या पपईत शिरावा तसा आत गेला. अडेनियमचा बुंधा कच्च्या बटाट्यासारखा टणक लागला पाहिजे, हे तुम्हाला मी सांगायला नको. ते रोप विकणारे तुम्ही आहात.

मी लगेच कामाला लागलो. रोप उपसलं, मुळं धुतली, ब्लेड स्पिरिटने पुसलं आणि खालून चकत्या काढत गेलो. आतलं पांढरं, स्वच्छ लाकूड लागेपर्यंत कापायचं, मग बुरशीनाशक लावून आठवडाभर सावलीत टांगायचं, अशी अडेनियम वाचवण्याची रीत आहे. मी आजवर चार रोपं अशी परत आणली आहेत. इथे पहिली चकती तपकिरी, दुसरी तपकिरी, तिसरीच्या मधोमध काळं वलय, चौथी तशीच, आणि पाचव्या चकतीला फांद्याच आल्या. वाचवायला काही उरलं नव्हतं. पाचही चकत्या ओळीने ठेवून, शेजारी खोक्यावरचं तारखेचं लेबल ठेवून फोटो काढले. ते त्याच दिवशी, दुपारी 2 च्या आत तुम्हाला पाठवले. मुळापासून फांदीपर्यंत चढलेली कूज एका सकाळीत होत नाही. ती तुमच्या खोक्यात झाली.

आता कलमाबद्दल. मी एसटीच्या कार्यशाळेत 31 वर्षं काढली. सांधा कुठला नि अखंड धातू कुठला, हे हात फिरवून कळायचं. झाडाच्या सांध्याचंही तेच. अडेनियमच्या कलमाला खुंटावर, म्हणजे खालच्या रोपावर, खाच घेऊन वरची काडी बसवतात, तिथे पुढे बरीच वर्षं व्रण राहतो, वरच्या-खालच्या सालीचा रंग थोडा निराळा दिसतो. तुमच्या दोन्ही रोपांवर असा व्रण कुठेही नाही. दोन्ही बियांची रोपं आहेत. बी लावून आलेलं अडेनियम आईसारखं फूल देईलच असं नसतं, म्हणून तर ठरावीक रंगाच्या, जास्त पाकळ्यांच्या जाती कलमाने करतात. बियांचं रोप आमच्या आठवडी बाजारात शंभर रुपयांच्या आत मिळतं. तुम्ही त्याचे 899 घेतलेत. आणि 'फुलावर आलेलं' म्हणालात त्या रोपाला अजून एक कळी नाही. फूल दिसेपर्यंत तक्रारीची तुमची सात दिवसांची मुदत कधीच संपलेली असणार, हे ज्याने ती मुदत ठरवली त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आता 5 जुलैचा फोन. तो मी जसाच्या तसा लिहितो, कारण त्यानंतर रात्री मला झोप लागली नाही.

आधी अकरा मिनिटं गाणं ऐकवलं. मग एक मुलगा आला. हिंदीत बोलू लागला, मी मराठी बोलणारं कोणी द्या म्हणालो, तर तोच मराठीत बोलू लागला. तिथवर माझी तक्रार नाही.

"काका, झाड नवीन जागेत आलं की थोडं सुकतं. एकवीस दिवस वाट बघा."

मी म्हणालो, सुकलेलं नाही, कुजलेलं आहे, फोटो बघा.

"फोटो दिसतायत काका. पाणी जास्त झालंय."

"बरोबर. तुमच्या कोकोपीटमध्ये."

"नाही, म्हणजे तुम्ही घातलेलं."

"मी एक थेंब घातलेला नाही. खोकं उघडल्यावर अर्ध्या तासात रोप कापावं लागलं."

"काका, सगळे असंच म्हणतात."

मी गप्प झालो. माझं वय 67 आहे. मला समोरून कोणी खोटारडा म्हणालं नव्हतं, तुमच्या माणसाने फोनवरून म्हटलं. मी पुन्हा शांतपणे विचारलं, कलमाचं काय? दोन्ही रोपांवर कलमाची खूण नाही.

"कलम म्हणजे?"

"ग्राफ्टिंग."

"ते खाली मातीत असतं काका, दिसत नाही."

अडेनियमचं कलम बुंध्याच्या वर, उघड्यावर असतं. मातीत असतं तर ते करून काय उपयोग? हे मी त्याला समजावलं. त्यावर तो म्हणाला, "काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका. दुसऱ्या झाडाशी रोज थोडं बोलत जा, त्यांना पण फीलिंग असतं. मी तुम्हाला पुढच्या ऑर्डरवर पंधरा टक्क्यांचं कूपन देतो."

मला त्या मुलाचा राग नाही. त्याच्यासमोर जे लिहून ठेवलं असेल ते त्याने वाचलं. ते लिहून देणाऱ्याचा राग आहे. मी मागवलं ते आलं नाही, आलं ते मेलेलं होतं, आणि त्यावर मला झाडांच्या भावना समजावून सांगितल्या. 2009 पासून मी ही झाडं वाढवतो. पहिलं अडेनियम डेपोतल्या एका मित्राने दिलेल्या शेंगेतून आलं. शेंग उकलून बिया वाऱ्यावर जाऊ नयेत म्हणून तिला दोऱ्याने बांधून ठेवायची, हेही त्यानेच दाखवलं. आज गच्चीवर 26 कुंड्या आहेत. सगळ्यांत जुन्या झाडाच्या मुळ्या मी दर दोन-तीन वर्षांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये कुंडी बदलताना बोटभर वर उचलत आणल्या आहेत. आता त्या मातीवर पसरलेल्या हातासारख्या दिसतात. मला पाणी किती घालायचं ते कळतं.

तुम्हाला ते कळतं का, हा प्रश्न तुमच्या खोक्यातलं कार्ड वाचून पडला. त्यावर लिहिलं आहे : 'रोज एक ग्लास पाणी द्या. थेट ऊन टाळा. बैठकीच्या खोलीसाठी उत्तम.' हे कार्ड कोणी लिहिलं? हे झाड आफ्रिकेत सहाराच्या खालच्या कोरड्या पट्ट्यातलं, सेनेगलपासून सोमालिया-केनियापर्यंतचं, आणि समुद्रापलीकडे अरबस्तानातलं. अडेनियम हे नाव येमेनच्या एडन बंदरावरून आलं असं म्हणतात. वनस्पतींचा अभ्यासक पेटर फोर्सकॉल येमेनमध्ये 1763 साली वारला, त्याने तिथे केलेलं या झाडाचं वर्णन 1775 साली छापलं गेलं. त्याने झाडाला कण्हेरीच्या गटात घातलं आणि नावातच 'लठ्ठ' म्हटलं. तो लठ्ठपणा साठवलेल्या पाण्याचा आहे. महिनोन्महिने पाऊस नसतो म्हणून झाड बुंध्यात पाणी धरून ठेवतं. त्याला रोज ग्लासभर पाणी देऊन बैठकीत ठेवायला सांगणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातून ते मारायला लावणं. आणि मेलं की पुन्हा तुम्हीच म्हणणार, पाणी जास्त घातलंत.

माझ्याकडे अर्धी जाड वाळू, विटांचे तुकडे, कोळशाचा चुरा आणि थोडं जुनं शेणखत, असं मिश्रण असतं. सहा-सात तास ऊन. जून सरता सरता कुंड्या पत्र्याखाली जातात, त्या सप्टेंबरपर्यंत बाहेर येत नाहीत. डिसेंबरात थंडीने पानं गळतात, तेव्हा पंधरा-वीस दिवसांनी एकदा पाणी. यात अवघड काही नाही. चार ओळीत कार्डावर बसतं.

याआधी तुमच्याकडून मी चाफा घेतला, दोन बोगनवेली घेतल्या. चांगल्या निघाल्या. बरोबरच्या चार निवृत्तांना मी तुमचं नाव सांगितलं, त्यांतल्या दोघांनी माझ्या शब्दावर रोपं मागवली. आता त्यांना तोंड काय दाखवू?

मी 2 तारखेला फोटो पाठवले, 3 तारखेला लेखी तक्रार ईमेलने केली. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यायला हवी आणि एका महिन्यात तिचा निकाल लावायला हवा. पोच आजवर मिळालेली नाही. शेरा मात्र मिळाला. महिना 3 ऑगस्टला भरतो. तोवर खालचं झालं नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथे दावा लावता येतो, 1,798 रुपयांच्या दाव्याला फी लागत नाही, आणि निवृत्त माणसाला तारखांना हजर राहायला वेळ असतो.

मला 1,798 रुपये पूर्ण परत हवेत. कूपन नको. पावसाळ्यात अडेनियम ओल्या कोकोपीटमध्ये बांधून पाठवणं बंद करा, उघड्या मुळांनी कोरडं कागदात गुंडाळून पाठवा, ते आठ-दहा दिवस सहज तग धरतं. कार्ड बदला. आणि माझ्या तक्रारीवरचा 'ग्राहकाने जास्त पाणी दिले' हा शेरा खोडून, खोडल्याचं मला लेखी कळवा. पैसे उशिरा आले तरी चालतील, हा शेरा राहिलेला चालणार नाही.

आपला,
एक ग्राहक, सातारा
(ऑर्डर क्रमांक आणि फोटो ईमेलसोबत जोडले आहेत.)

ता. क. : कार्डावर आणखी एक गोष्ट नाही. अडेनियमचा चीक विषारी असतो, आफ्रिकेत तो बाणांना लावत आले आहेत. बैठकीच्या खोलीत ठेवा म्हणता, तिथे माझा दीड वर्षांचा नातू रांगतो आणि हाताला येईल ते तोंडात घालतो. मला माहीत होतं म्हणून रोप कापताना हातमोजे घातले आणि नंतर फरशी दोनदा पुसली. ज्याला माहीत नाही त्याला कोण सांगणार?

आणि दुसरं रोप. पिवळं म्हणून पाठवलेलं. त्याचं कोकोपीट मी 2 तारखेलाच झाडून काढलं, तीन दिवस मुळं सावलीत वाळवली आणि कोरड्या मिश्रणात लावून पत्र्याखाली ठेवलं. आज तेरा दिवस झाले, त्याला मी पाणी दिलेलं नाही. काल शेंड्याला तीन नवी पानं फुटली. त्याचाही फोटो जोडला आहे, तारखेसकट.