लिफ्ट किट शेवटी, आधी गाडीखाली झोपून बघा

मा. संपादक साहेब,

तुमच्या वाहन पुरवणीत कमी पैशात ऑफ-रोड डिझेल पिकअप कशी बांधायची यावर लेख आला होता तो वाचला. विषय मस्त निवडलाय यात वाद नाही, पण त्यातला क्रमच उलटा आहे हो. आधी लिफ्ट किट (गाडी उंच करणारा सेट), मग ३५ इंची टायर, मग टपावर लाइट बार, मग लोखंडी बंपर, आणि इंजिन-चेसिसचं काय तर शेवटी 'गाडी सुस्थितीत असावी' एवढी एक ओळ. खिसा भरलेला असेल तर कुठल्याही क्रमाने करा, काय बिघडतंय, पण लेखाच्या मथळ्यातच कमी बजेट लिहिलंय आणि कमी बजेटवाल्याचे पैसे नेमके काम अर्धं झाल्यावर संपतात. ते संपतील तेव्हा गाडी ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत ती पुढे बरेच दिवस चालवावी लागते. मग लिफ्ट झाली, टायर झाले आणि रेडिएटर अर्धा चोक, अशी गाडी फोटोपुरतीच.

सुरुवात इंजिनापासून करतो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाचतात नाहीतर तिथेच बुडतात. बजेट कमी असेल तर मेकॅनिकल पंपाचं (इंधन सोडायला कॉम्प्युटर नसलेलं) जुनं डिझेल इंजिन घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. टोयोटाचं १एचझेड, निस्सानचं टीडी४२, लँड रोव्हरचं ३००टीडीआय, मर्सिडीजचं पाच सिलिंडरचं ओएम६१७, किंवा १९८९ ते ९८ च्या डॉज रॅममधलं बारा व्हॉल्व्हचं कमिन्स, ही त्या जातीची इंजिनं. पॉवरच्या आकड्यात आजच्या छोट्या डिझेलपुढेही यातली बरीचशी मार खातात, पण एकदा सुरू झाली की चालू राहायला त्यांना विजेची जवळपास गरज नाही, बहुतेकांना डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडपुरती एक वायर मिळाली की झालं. बॅटरी बसली तर उतारावर धक्का देऊन सुरू होते. डिझेल संपून लाइनीत हवा धरली तर हँड प्रायमर मारून, नोझलचे नट सैल करून हवा काढता येते, पाना तेवढा जवळ पाहिजे. कॉमन रेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल इंजिनात, प्रेशर १६०० ते २००० बारच्या घरात, तिथला इंजेक्टर इतका बारीक मापाचा की डिझेलमध्ये थोडं पाणी आलं तरी पंपासकट सगळा सेट जाऊ शकतो, आणि त्या दुरुस्तीच्या पैशात दुसरी जुनी गाडी येते. कॉमन रेल वाईट असं म्हणत नाहीये, गाडी आवाज कमी करते, ओढते छान, पण ज्याच्याकडे स्कॅनर नाही आणि ज्याला गाडी लांब आडवाटेला न्यायचीय त्याच्यासाठी ते नाही.

डिझेलची खरी मजा लोकांना माहीतच नसते ती म्हणजे गव्हर्नर, पंपातलं इंजिनाचा वेग सांभाळणारं यंत्र. लो रेंज (हळू पण जास्त जोराने ओढणारा गिअरचा संच), पहिला गिअर, क्लच सोडला आणि पाय पेडलवरून काढून घेतला तरी गाडी दगडावर चढायला लागते, लोड येऊन आरपीएम जरा पडायला लागले की गव्हर्नर आपणहून जास्त डिझेल सोडतो. रेस द्यायची गरजच नाही, उलट रेस दिली की चाक फिरतं आणि पकड जाते. नवख्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

इंजिन स्वॅपबद्दल तुमच्या लेखात फार उत्साहाने लिहिलंय, पेट्रोल गाडी स्वस्तात घ्या आणि त्यात कमिन्स टाका म्हणून. साहेब, इंजिन मिळणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. पुढे माउंट बनवा, गिअरबॉक्सला जोडायला अडॅप्टर प्लेट, प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) कापून नव्याने बॅलन्स करा, रेडिएटर मोठा, एक्झॉस्ट नवा, वायरिंग वेगळं, आणि ते ५.९ लिटरचं कमिन्स जवळपास अर्ध्या टनाचं, म्हणजे पुढचे पाटेही (स्प्रिंगाही) बदला आणि ब्रेकही. शिवाय बदललेलं इंजिन कागदावर चढवायचं ते वेगळंच. जी गाडी कारखान्यातून डिझेल इंजिन, लो रेंज आणि फोर बाय फोर घेऊनच आली तीच घ्यावी, दिसायला कितीही खराब असली तरी चालेल. पत्र्याला पोचे असले तर उलट बरं, ओरखड्याची भीती राहत नाही आणि भावही उतरतो.

आता गाडी बघायला जाता तेव्हाचं. मालकाला आधीच सांगून ठेवायचं की आम्ही यायच्या आधी सुरू करू नका, आणि गेल्या गेल्या बॉनेट उघडून इंजिनवर हात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं की थंड स्टार्टिंग आपल्याला दाखवायचं नाहीये. थंडीत सुरू होताना पांढरा धूर थोडा वेळ येऊन गेला तर ठीक, येतच राहिला तर हीटर प्लग (थंड इंजिन तापवणारा), टायमिंग किंवा कॉम्प्रेशन यापैकी काहीतरी आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. मग इंजिन चालू असताना ऑइल टाकायचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवून द्यायचं. नुसतं थरथरलं तर चालेल, पण फट फट उडायला लागलं आणि भोकातून धूर दम टाकत बाहेर यायला लागला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा गेल्यात, आणि ओव्हरहॉलचे पैसे भावातून वजा करायला जमत नसेल तर नमस्कार करून निघायचं. सुरू करायच्या आधी थंडच असताना रेडिएटरचं झाकणही काढून बघा, पाण्यावर ऑइलचा तवंग नको.

मग गाडीखाली झोपायचं, आणि एक छोटी हातोडी सोबत ठेवायची. चेसिसवर मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी, क्रॉस मेंबरच्या जोडापाशी आणि जिथे चिखल साठतो त्या वरच्या बाजूला टकटक करत जायचं, चांगलं लोखंड खणखणतं आणि गंजलेलं बद्द वाजतं, कधीकधी तर पापुद्रा हातात येतो. खालून नवाकोरा काळा रंग मारलेला असेल तर जास्त संशय घ्या, कुणी हौसेने गाडीची खालची बाजू रंगवत नाही. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, कुजलेली चेसिस स्वस्तात सरळ होत नाही. तुमच्या लेखात चेसिस हा शब्द मला एकदाही सापडला नाही.

गाडी आली की पहिला खर्च पाणी, तेल, रबर यावर करा. म्हणजे रेडिएटर साफ, होस पाइप नवे, बेल्ट नवे, थर्मोस्टॅट, सगळी ऑइलं, डिझेल फिल्टर, पाणी वेगळं करणारा सेपरेटर, ब्रेकच्या रबरी नळ्या, व्हील बेअरिंग. यातलं काहीच फोटोत दिसत नाही म्हणून कुणी करत नाही. लो रेंजमध्ये गाडी माणसाच्या चालीने चालते, समोरून वारा नाही आणि इंजिन मात्र पूर्ण जोर लावतंय, त्यामुळे हायवेवर कधीच न तापलेली गाडी चढावर पहिल्या तासात उकळते. फॅन गरजेप्रमाणे फिरवणारं व्हिस्कस कपलिंग मेलं असेल तर तेही तिथेच कळतं.

त्यात भर म्हणजे पंपाचा स्क्रू फिरवून पॉवर वाढवायची टूम. फिरवा, वाढते पॉवर, फुकट वाढते हे खरंय, पण डिझेलमध्ये जास्त इंधन म्हणजे जास्त उष्णता, आणि टर्बो असेल तर त्याच्या आधी एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर बसवल्याशिवाय त्या स्क्रूला हात लावू नये. सातशे सेल्सिअसच्या वर सतत चालवली तर पिस्टन वितळायची वेळ येते, आणि टेम्परेचरचा काटा तोवर जागचा हलत पण नाही.

पकड या विषयावर तर वेगळा लेख यायला पाहिजे होता. लोकांना वाटतं फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं ओढतात. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्यात (डिफ), दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क जातो, आणि तो किती जाणार हे ज्या चाकाला पकड कमी आहे ते ठरवतं, म्हणजे एक चाक हवेत गेलं की दुसऱ्यालाही काही मिळत नाही. खड्ड्यात तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांची दोन चाकं उचलली गेली की फोर बाय फोर गाडी जागेवर चाकं फिरवत उभी. याला उपाय मागचा डिफ लॉक, म्हणजेच लॉकर, तो दोन्ही चाकं एकत्र जखडतो. लिफ्ट किट की मागचा लॉकर असा प्रश्न आला तर डोळे झाकून लॉकर. त्यातही हवेवर चालणारा महाग पडतो, आत बसणारा ऑटोमॅटिक बराच स्वस्त, वळणावर टकटक आवाज करतो पण काम करतो. काही लोक डिफचे गिअर सरळ वेल्ड करून टाकतात. सगळ्यात स्वस्त पडतं आणि जी गाडी ट्रेलरवर घालून नेता तिला चालेलही, पण तीच गाडी रोज डांबरावर फिरणार असेल तर टायर घासले जातात, ॲक्सल शाफ्टवर ताण येतो आणि ओल्या रस्त्यावर वळताना मागचा भाग सटकतो, त्यामुळे ते करू नका.

लॉकरच्याही आधी फुकटचा उपाय म्हणजे हवा कमी करणं. रस्त्यावर ३५ पीएसआय असेल तर दगडधोंड्यात १८-२० वर आणा, वाळूत अजून थोडी कमी. टायर पसरून रुंद होतो असं दिसतं पण खरं तर त्याचा जमिनीवरचा ठसा लांब होतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा, आणि दगडावर आपटण्याऐवजी तो दगडाला गुंडाळून घेतो. फार खाली गेलात तर वळणावर टायर रिममधून निसटू शकतो. डांबरावर परत येताना हवा भरलीच पाहिजे नाहीतर टायर तापून फुटतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एक बरा कंप्रेसर आणि प्रेशर गेज घ्या, लाइट बारच्या आधी.

आता लिफ्ट. तुमच्या लेखात चार इंच लिफ्टने क्लिअरन्स चार इंच वाढतो असं लिहिलंय ते सॉलिड ॲक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर असलेल्या) गाडीत चूक आहे. लिफ्टने बॉडी आणि चेसिस वर जाते, डिफचा गोळा होता तिथेच राहतो आणि दगडाला लागतो तो गोळाच. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने आणि तोही निम्म्याने, म्हणजे ३१ चे ३५ केले तर दोन इंच. लिफ्ट लागते ती मोठा टायर घासू नये म्हणून आणि पुढचा-मागचा उतरायचा-चढायचा अँगल सुधारावा म्हणून. बदल्यात गुरुत्वमध्य वर जातो, आडव्या उतारावर गाडी कलंडायची शक्यता वाढते, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडून जॉइंट खातात, आणि पुढे कॉइल स्प्रिंगवर सॉलिड ॲक्सल असेल तर कॅस्टर (स्टिअरिंगच्या धुरीचा मागे झुकलेला कोन) कमी होऊन स्टिअरिंग भटकायला लागतं. मग ते सगळं सरळ करायला अजून पार्ट. बसलेले पाटे बदलून, नवे शॉक टाकून मूळ उंचीच्या दीड-दोन इंच वर आली तर कमी बजेटच्या गाडीला तेवढं पुष्कळ.

मोठ्या टायरचा अजून एक चोरखर्च. पहिला गिअर ४.३, लो रेंज २.५ आणि डिफ ४.१ असेल तर गुणाकार साधारण ४४ होतो, म्हणजे इंजिन ४४ वेळा फिरलं की चाक एकदा. ३१ चे ३५ टायर टाकले की तोच परिणाम ३९ च्या आसपास येतो, गाडी लो रेंजमध्ये जास्त पळते, क्लच जास्त वापरावा लागतो, ब्रेकही कमी पडतात. मूळची ताकद परत आणायला डिफमध्ये ४.५६ किंवा ४.८८ चे क्राउन-पिनियन (डिफचे मुख्य गिअर) टाकावे लागतात, पुढे आणि मागे दोन्हीकडे सारखेच, आणि ते बसवायचं काम कुणाही मिस्त्रीचं नाही. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ९० ने चाललेली असते ते वेगळंच. त्यापेक्षा ३१ किंवा फार तर ३३ वर थांबा.

पाण्यातून जायचं असेल तर सगळे स्नॉर्केलकडे (टपाच्या उंचीवरून हवा घेणाऱ्या नळीकडे) धावतात. ते बरोबरच आहे, डिझेलचं कॉम्प्रेशन इतकं जास्त की सिलिंडरमध्ये पाणी गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पण त्याच्या आधी डिफ आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरला (हवा ये-जा करायच्या भोकाला) रबरी नळी जोडून ती बॉनेटपर्यंत वर न्या, काही मीटर नळी आणि चार क्लॅम्प, एवढाच खर्च. तापलेला डिफ थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पुढे ऑइल दुधाळ होतं आणि काही महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागते, तोपर्यंत ते पाणी लोक विसरूनही गेलेले असतात.

एक गोष्ट मात्र तुम्ही पुढच्या अंकात दुरुस्त करून छापाच. लेखासोबतच्या फोटोत अडकलेल्या गाडीला पट्टा लावलाय तो टो बॉलला. टो बॉल ट्रेलर ओढायला असतो, झटका सोसायला नाही. ताणलेल्या पट्ट्यासकट तो तुटला की थेट मागच्या गाडीची काच फोडून आत जातो, माणसं मेलीयत यात. चेसिसला हाय टेन्साइल बोल्टने बसवलेले, भार लिहिलेले रिकव्हरी पॉइंट पुढे-मागे दोन्हीकडे हवेत. झटक्याने ओढायचं असेल तर ताणली जाणारी कायनेटिक दोरी, विंचच्या (दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राच्या) कामाला न ताणणारी, आणि दोरीवर मध्ये काहीतरी जड घोंगडं टाकून बघ्यांना लांब उभं करायचं. विंच नंतर घेतली तरी चालते, फावडं आणि ट्रॅक्शन बोर्डावर (चाकाखाली घालायच्या फळ्यांवर) बरंच काम निघतं.

एवढं करून पैसे उरलेच तर स्पेअर घ्या. फॅन बेल्ट, वरचा-खालचा होस, एक प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट, फ्री व्हील हबचं (पुढची चाकं ॲक्सलला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या हबचं) सामान, पंपाच्या सोलेनॉइडची एक्स्ट्रा वायर आणि डिझेल फिल्टर. फिल्टर दोन ठेवा, खराब डिझेल मिळालं की पहिला चोक झाल्यावर टाकीतल्या त्याच डिझेलने दुसराही लवकरच चोक होतो.

कळावे,
आपल्या पुरवणीचा नियमित वाचक